क्लब गाव सोडून गेला, तर मागे राहिलेल्यांनी काय करायचं? (विम्बल्डन आणि मिल्टन केन्स)

थेम्सकाठी (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. फुटबॉल क्लब कागदोपत्री कुणाच्याही नावावर असो, तो ज्या वस्तीत वाढला तिथून उचलून दुसऱ्या शहरात नेण्याचा हक्क मालकाला नसावा. आणि तसं झालंच, तर मागे राहिलेल्यांनी उभा केलेला क्लब तोच खरा क्लब, असं मी मानतो.

विम्बल्डन म्हटलं की आपल्या लोकांना टेनिस आठवतं. मी त्याच भागात राहतो, आणि इथे शनिवारी दुपारी निळे-पिवळे मफलर घालून लोक निघतात ते टेनिससाठी नाही. १८८९ मध्ये एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेला हा क्लब. १९१२ पासून घर प्लाऊ लेनवर. कित्येक वर्षं हौशी खेळाडूंचा संघ होता. १९६३ च्या अ‍ॅमेच्युअर कपच्या अंतिम सामन्यात सटनविरुद्ध ४-२ ने जिंकले, तेव्हा एडी रेनॉल्ड्सने चारही गोल डोक्याने मारले होते. १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशव्यापी व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश, १९८६ मध्ये थेट पहिल्या श्रेणीत. आणि १४ मे १९८८ ला वेम्बलीवर त्या काळच्या लिव्हरपूलला १-० ने हरवून एफए कप! लॉरी सांचेझचा हेडर आणि डेव्ह बिझंटने अडवलेली जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी. वेम्बलीवरच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली गेली ती पहिल्यांदाच.

मग उतरण लागली. हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत चाहते दगावले, त्या दुर्घटनेनंतर टेलर अहवाल आला, वरच्या श्रेणीतल्या मैदानांत सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात असं ठरलं. प्लाऊ लेन त्यात बसत नाही म्हणून १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून गेलेला भाडेकरू परत आलाच नाही. मधे डब्लिनला जायच्या गप्पा झाल्या. १९९७ मध्ये नॉर्वेचे धनिक मालक आले, २००० मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्ष चार्ल्स कॉपेल यांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन केन्सला जाणार. लंडनच्या उत्तरेला, इथून नव्वदेक किलोमीटर. फुटबॉल लीगने नकार दिला, प्रकरण लवादाकडे आणि मग एफएच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, त्रिसदस्यीय आयोगाकडे गेलं, आणि २८ मे २००२ ला २ विरुद्ध १ मताने परवानगी मिळाली.

प्रश्न असा: तुम्ही तेव्हा विम्बल्डनचे चाहते असता तर काय केलं असतं? क्लबच्या मागे मिल्टन केन्सला गेला असता, घरी बसला असता, की आणखी काही?

---

पेठवाला

लई भारी विषय काढलास भावा. कोल्हापुरात हे कुणाला विचारूच नकोस. शिवाजी तरुण मंडळ उद्यापासून इचलकरंजीत खेळणार, असं नुसतं कुणी बोलून बघावं. माणूस पेठेतनं चालत बाहेर पडायचा नाही.

पण खरं सांगू का, आपल्याकडं हे होणारच नाही, कारण विकायला मालकच नाही. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, संघ तालमीचा. तालमीला इमारत आहे, गणपती आहे, जुनी माणसं आहेत. शाहू स्टेडियमवर सामना बघायला येणारा माणूस संघाचं नाव घेत नाही, 'आमची पेठ' म्हणतो. हरला तर आठवडाभर चहाच्या टपरीवर तोंड लपवून फिरायचं. हे सगळं ट्रकात घालून दुसऱ्या गावाला कसं न्यायचं?

---

औंधकर

पेठवाले, कोल्हापूरला होणार नाही, पण पुण्याला झालं ना! २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी होती. बालेवाडीत भगवे टीशर्ट घालून ऑरेंज आर्मी जायची, ढोल असायचे. २०१७-१८ मध्ये आम्ही उपांत्य फेरीत बंगळुरूशी खेळलो. २०१९ मध्ये संघ बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला गेली. मार्सेलिन्हो, आदिल खान, निखिल पुजारी ही आपली माणसं दुसऱ्या रंगाच्या जर्सीत टीव्हीवर दिसायला लागली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाले.

हैदराबादने २०२२ मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून करंडक जिंकला. मी तो सामना पूर्ण पाहिला आणि शेवटपर्यंत ठरवता आलं नाही की कुणाच्या बाजूने ओरडायचं. पुढे २०२५ मध्ये हैदराबादचाही गाशा गुंडाळला, संघ दिल्लीला गेला. म्हणजे जागा पुण्याची, मग हैदराबादची, मग दिल्लीची. प्रत्येक गावात थोडी मुलं पोस्टर काढायला शिकली आणि पोरकी झाली.

---

हिशेबनीस

धागाकर्त्यांच्या भावना समजतात, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

२००१ ची परिस्थिती बघा. क्लबला दहा वर्षं स्वतःचं मैदान नाही. प्लाऊ लेनची जागा सुपरमार्केट कंपनीला विकून झालेली. प्रीमियर लीगचे टीव्हीचे पैसे बंद, पगार मात्र तेव्हाचेच. दुसरीकडे मिल्टन केन्स: १९६७ मध्ये आखलेलं नवं शहर, दोन लाखांच्या घरात वस्ती आणि लीगमध्ये खेळणारा एकही क्लब नाही. पीट विंकलमन नावाचा संगीत क्षेत्रातला माणूस स्टेडियमची योजना घेऊन उभा. शेजारी आयकिया आणि अ‍ॅस्डाची मोठी दुकानं काढायची आणि त्यातून स्टेडियमचा खर्च भागवायचा. मालकाने तोट्यातला धंदा किती वर्षं ओढायचा?

आणि 'मूळ वस्ती'चं म्हणाल तर आर्सेनल १९१३ मध्ये वुलिच भागातलं प्लमस्टेड सोडून नदीपलीकडे उत्तरेला हायबरीला गेला. टॉटनहॅमच्या अंगणात. कारण तेच, प्रेक्षक कमी आणि तिजोरी रिकामी. आज कुणी आर्सेनलला पळपुटा म्हणतं का?

---

थेम्सकाठी

टॉटनहॅमचे लोक म्हणतात, रोज म्हणतात! 😀

हिशेबनीस, मुद्दा चांगला आहे, पण आर्सेनल त्याच महानगरात राहिला. जुना चाहता ट्रामने जाऊ शकत होता. शिवाय शंभर वर्षांपूर्वी क्लबच तरुण होता, १८८६ चा. विम्बल्डनला ११३ वर्षं झाली होती.

तोट्याचं म्हणाल तर दहा वर्षं मैदान नव्हतं ते कुणामुळे? चाहत्यांनी प्लाऊ लेन विकली नव्हती. ते परत घराजवळ या, असंच सांगत होते. आणि मिल्टन केन्सला क्लब हवा होता तर शून्यातून काढायचा, खालून वर यायचं. इंग्लंडमध्ये प्रत्येक क्लब तसाच आला आहे. विंकलमननी आधी लुटन या दुसऱ्या क्लबलाही विचारलं होतं. म्हणजे कुठला क्लब याला महत्त्व नव्हतं, लीगमधली तयार जागा हवी होती.

आता पुढची गोष्ट सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तीच सांगायची होती. आयोगाचा निर्णय आला त्यानंतर दोन दिवसांत चाहत्यांनी बैठक घेऊन नवा क्लब, एएफसी विम्बल्डन, काढायचं ठरवलं. आयोगाच्या अहवालात असं काही वाक्य होतं की असा नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. ते वाक्य इथे अजून शर्टांवर, फलकांवर दिसतं. जूनच्या शेवटी विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे सार्वजनिक मोकळ्या माळावर, खेळाडू निवडायला चाचणी ठेवली. कुत्री फिरवणारे लोक थांबून बघतायत, गवतावर बॅगा टाकल्यायत, आणि दोनशेच्या वर पोरं रांगेत. कुणी प्लंबर, कुणी विद्यार्थी. १० जुलैला पहिला मैत्रीपूर्ण सामना सटन युनायटेडशी. तेच सटन, ज्यांच्याविरुद्ध रेनॉल्ड्सने चार मारले होते. या वेळी ४-० ने हरले. बघायला साडेचार हजारांच्या वर लोक! हरलेल्या संघाला उभं राहून टाळ्या.

मग नवव्या पातळीवरची कंबाइन्ड काउंटीज लीग. मैदान शेजारच्या किंग्स्टनमधलं किंग्समेडो. पहिल्या मोसमात सरासरी तीन हजारांच्या आसपास प्रेक्षक, आणि सेलहर्स्टला जुन्या क्लबचे दुसऱ्या श्रेणीतले सामने त्याहून कमी लोकांसमोर चाललेले. १११ गुण मिळवूनही एएफसी विम्बल्डन तिसरे आले. पुढचा अख्खा मोसम ४६ सामन्यांत एकही पराभव नाही. २००३ च्या फेब्रुवारीपासून २००४ च्या डिसेंबरपर्यंत ७८ लीग सामने अपराजित, इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉलमधला विक्रम. २०११ मध्ये मँचेस्टरला लुटनविरुद्ध पेनल्टींवर जिंकून फुटबॉल लीगमध्ये. नऊ वर्षांत पाच बढत्या.

---

भटक्या

थांबा, विनी जोन्स, तो सिनेमातला गुंड, याच क्लबचा का? मग कॉपेलसाहेबांशी चर्चेला त्यालाच पाठवायचं होतं.

---

केतकी_एमके

मी मिल्टन केन्समध्ये राहते, त्यामुळे लिहायलाच हवं.

थेम्सकाठी, तुमची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, खरंच. पण इथे आम्हाला, म्हणजे विम्बल्डनहून आलेल्या क्लबच्या, आताच्या मिल्टन केन्स डॉन्सच्या लोकांना 'फ्रँचायझी' म्हणतात तेव्हा ते कुणाला लागतं बघा. माझा मुलगा इथेच जन्मला. त्याला २००२ माहीत नाही. त्याला माहीत आहे ते स्टेडियम एमके: आत शिरलं की खायच्या स्टॉलजवळ उभं राहूनही मैदान दिसतं, पावसात भिजायला होत नाही, आणि शेजारच्या सीटवर बसणारे आजी-आजोबा त्याला दर वेळी गोळ्या देतात. ते दोघं लंडनहून विस्थापित होऊन या नव्या शहरात आलेले. त्यांचं जुनं मोहल्ल्याचं आयुष्य मागेच राहिलं होतं, इथे येऊन त्यांना काहीतरी 'आपलं' मिळालं.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला ४-० ने हरवलं तेव्हा शहर रात्रभर जागं होतं. त्या संघात डेली अ‍ॅली होता. इथेच वाढलेला, लहानपणापासून याच क्लबच्या अकादमीत. पुढच्या वर्षी तो टॉटनहॅमला गेला, मग इंग्लंडसाठी खेळला. हा क्लब इथे नसता तर त्या पोराचं काय झालं असतं?

मला वाटतं, जे केलं ते चुकीचं केलं. पण आता इथे वीस वर्षांहून जास्त काळाची एक वस्ती उभी आहे, तिचं काय करायचं?

---

दादरचे_काका

केतकीताईंचा प्रतिसाद आवडला. मन मोकळं करून लिहिलंय.

आमच्या मुंबईत क्लब स्थलांतरित झाले नाहीत, सरळ मिटले. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा स्पोर्ट्स, महिंद्रा. कूपरेजला रोव्हर्स कप बघायला आम्ही ऑफिस सुटलं की चर्चगेटवरून चालत जायचो. कोलकात्याची मोहन बागान, ईस्ट बंगाल आली की लाकडी बाकांवर पाय ठेवायला जागा नसायची. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पाच वर्षांत विजेता संघ इतिहासजमा. लोकांनी हळहळ व्यक्त केली, पण मोर्चा निघाला नाही. कारण कंपनीचे संघ कंपनीचेच राहिले. गिरगावाचा, परळचा संघ असता तर कदाचित वेगळं घडलं असतं.

---

फातोर्डा

काका, गोव्यात आम्ही हे २०१६ मध्ये पाहिलं. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी एकाच वर्षी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेलं! नाव घराण्याचं असलं तरी गोव्यातल्या माणसाला तो आपलाच वाटायचा. चर्चनंतर लोक थेट मैदानात. धेंपो नंतर खालून खेळत पुन्हा आय-लीगमध्ये आला, म्हणून मला धागाकर्त्यांचं 'खालून वर यायचं' पटतं.

---

ओहायोवासी

अमेरिकेतून लिहितोय. इथे फ्रँचायझी हलवणं नित्याचं. १९९५ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाच्या मालकाने, आर्ट मॉडेलने, संघ बाल्टिमोरला नेणार असं जाहीर केलं, तेव्हा अख्खं क्लीव्हलँड रस्त्यावर आलं. शेवटी तडजोड अशी झाली की खेळाडू आणि कर्मचारी बाल्टिमोरला गेले, पण नाव, रंग, विक्रम सगळं क्लीव्हलँडकडे राहिलं आणि १९९९ मध्ये ब्राउन्स परत सुरू झाले.

त्यातून ओहायोने कायदा केला. सरकारी पैशाने बांधलेल्या जागेत खेळणारा संघ मालकाला न्यायचा असेल तर सहा महिने आधी नोटीस द्यायची आणि स्थानिकांना विकत घ्यायची संधी द्यायची. लोक त्याला मॉडेल कायदाच म्हणतात. २०१७ मध्ये कोलंबस क्रू या फुटबॉल क्लबच्या मालकाने टेक्सासमधल्या ऑस्टिनला जायचं ठरवलं, तेव्हा राज्याने याच कायद्याखाली कोर्टात दावा लावला. बाहेर चाहत्यांनी 'सेव्ह द क्रू' ही चळवळ चालवली. कार्यालयात दुपारच्या सुट्टीत पत्रकं वाटणाऱ्या बायका, दुकानांच्या काचांवर पिवळे स्टिकर, नव्या स्टेडियमचे आराखडेसुद्धा चाहत्यांनीच मांडले. २०१८ मध्ये नवे मालक मिळाले, संघ राहिला. २०२० मध्ये त्याने लीग जिंकली, २०२१ मध्ये शहराच्या मध्यात नवं स्टेडियम झालं.

म्हणजे हिशेबनीस, 'पर्यायच नव्हता' हे जरा तपासून घ्यायला हवं. कोलंबसलाही पर्याय नाही असंच सांगितलं होतं.

---

हिशेबनीस

कोलंबसचं उदाहरण मान्य. नवा खरेदीदार मिळाला म्हणून जमलं. विम्बल्डनला तसा कोण पुढे आला होता? २००३ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, विंकलमननी वाचवला, नाहीतर तेव्हाच विषय संपला असता.

आणि एक जड प्रश्न विचारतो. किंग्समेडो हे मैदान मुळात किंग्स्टोनियन या क्लबचं होतं, १८८५ चा क्लब. तो आर्थिक अडचणीत आल्यावर मैदानाचा ताबा हातचा गेला आणि २००३ मध्ये तो एएफसी विम्बल्डनकडे आला. किंग्स्टोनियन तिथेच भाडेकरू म्हणून खेळत राहिले. पुढे विम्बल्डनने प्लाऊ लेनच्या पैशांसाठी किंग्समेडो चेल्सीला विकलं, आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियनना आपलं गाव सोडून दुसरीकडे खेळायला जावं लागलं. घर गमावलेल्या क्लबने घरी परतताना दुसऱ्या छोट्या क्लबला बेघर केलं. यावर काय म्हणता?

---

पेठवाला

च्यायला. हे माहीत नव्हतं.

---

थेम्सकाठी

हिशेबनीस, हा प्रश्न इथल्या पबमध्येही निघतो आणि तेव्हा टेबलावर शांतता पसरते. तो डाग आहे, मी तो धुवायला जाणार नाही. किंग्स्टोनियनच्या म्हाताऱ्या चाहत्याला मी भेटलो आहे. त्याला पिवळा-निळा रंग बघवत नाही, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. फरक एवढाच की किंग्स्टोनियनने मैदानाचा ताबा आधीच घालवला होता, आणि त्यांचं नाव, जागा, इतिहास कुणी नेला नाही. पण शनिवारी दुपारी जायला मैदान नसेल तर या फरकाचं त्या माणसाने काय करायचं, हे मलाही कळतं.

'कोण पुढे आला होता' याचं उत्तर मात्र देतो. लोक पुढे आले. क्लबची मालकी आजही मुख्यतः डॉन्स ट्रस्ट या सभासदांच्या संस्थेकडे आहे. वार्षिक वर्गणी भरली की एक मत, खिसा कितीही मोठा असो. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं, ती जागा मिळवायला वर्षानुवर्षं मर्टन नगरपालिकेचे उंबरे झिजवले. २०१९ च्या शेवटी पैसे कमी पडले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोठा हिस्सा द्यायचा की नाही यावर सभासदांत कडाक्याची भांडणं झाली. शेवटी रोखे काढले आणि लोकांनी पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. निवृत्त शिक्षक, बस ड्रायव्हर, परदेशी गेलेली मुलं.

३ नोव्हेंबर २०२० ला डॉनकास्टरविरुद्ध नव्या प्लाऊ लेनवर पहिला सामना झाला, २-२. एकोणतीस वर्षांनी घरी. आणि करोनामुळे आत एकही प्रेक्षक नाही! ज्यांनी विटा विकत घेतल्या ते घरात मोबाइलवर बघत बसले. माझा शेजारी, सत्तरी उलटलेला, त्या रात्री आपल्या बाल्कनीत मफलर घालून उभा होता, कारण तिथून स्टेडियमच्या दिव्यांचा उजेड दिसत होता.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये वॉन्डल नदीचं पाणी मैदानात शिरलं, गवताखालची जमीन खचून खड्डा पडला. न्यूकॅसलविरुद्धचा लीग कपचा सामना त्यांच्या मैदानावर हलवावा लागला. लोकांनी परत खिशात हात घातला. त्याच मोसमाच्या शेवटी वेम्बलीवर वॉलसॉलला १-० ने हरवून वर गेले. म्हणून म्हणतो, मालकाला तोटा झाला की तो जातो. ही माणसं जात नाहीत.

---

भटक्या

दोन्ही संघ एकमेकांशी खेळले का कधी? की दोन भाऊबंद लग्नात समोरासमोर आल्यासारखं मान वळवतात?

---

केतकी_एमके

खेळले ना! पहिल्यांदा डिसेंबर २०१२ मध्ये, एफए कपमध्ये, आमच्या इथे. शेवटच्या क्षणी ऑट्समोबॉरने टाचेने मारलेला गोल, २-१. पाहुण्यांपैकी कितीतरी चाहते मुद्दाम आलेच नाहीत, आमच्या स्टेडियमला पैसे द्यायचे नाहीत म्हणून. २०१७ मध्ये लीगचा सामना त्यांच्याकडे होता तर फलकावर आमचं पूर्ण नावही लावलं नाही, नुसतं 'मिल्टन केन्स'. लीगने त्यांच्यावर कारवाई सुरू केली आणि मग तडजोड झाली.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. २००७ मध्ये आमच्या क्लबने जुन्या विम्बल्डनचे सन्मान आणि करंडकांच्या प्रतिकृती मर्टनला परत दिल्या आणि आपला इतिहास २००४ पासून सुरू होतो असं मान्य केलं. १९८८ चा कप आम्ही आमचा म्हणत नाही. हे आधीच व्हायला हवं होतं, आणि चाहत्यांच्या दबावामुळेच झालं, पण झालं. राहिला आमच्या नावातला 'डॉन्स' हा शब्द, ते विम्बल्डनचं जुनं टोपणनाव. तो काढा, अशी त्यांची मागणी आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर काढावा. मुलाचं मत विचाराल तर तो घरातून निघून जाईल.

---

कायदेपंडित_ठाणे

अवांतर नाही, पूरक माहिती. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासनाचा नवा कायदा मंजूर झाला आणि स्वतंत्र नियामक आला. आता क्लबला मैदान विकायचं किंवा दुसरीकडे जायचं तर नियामकाची परवानगी लागणार, आणि चाहत्यांचं मत विचारात घ्यावं लागणार. बोधचिन्ह, घरचे रंग, नाव यांनाही संरक्षण आहे. या सगळ्या चर्चेत विम्बल्डनचं नाव वारंवार येत असे. म्हणजे २ विरुद्ध १ अशा मताने पुन्हा कुणाचा क्लब जाणार नाही अशी सोय झाली.

---

औंधकर

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला तो आठवडाभर सोडत नाहीये. विम्बल्डनच्या लोकांनी नवा क्लब काढला, आम्ही पुण्यात का काढला नाही?

आमचं प्रेम कमी होतं म्हणून, असं सांगणाऱ्याशी मी भांडेन. पाच वर्षांचाच संघ असला तरी बालेवाडीच्या स्टँडमध्ये रडणारी माणसं मी पाहिली आहेत. अडचण शिडीची आहे. इंग्लंडमध्ये माळावर निवडलेला संघ जिंकत जिंकत फुटबॉल लीगपर्यंत चढू शकतो, दर पायरीला दार उघडं असतं. आपल्याकडे २०१९ मध्ये आयएसएलचं दार पैसे भरूनच उघडत होतं. २०२३ मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर गेली ही चांगली सुरुवात, पण चाहत्यांच्या वर्गणीवर चालणारा संघ पुणे जिल्ह्याच्या लीगमधून तिथवर पोचेल असा रस्ता अजून दिसत नाही.

आणि दुसरं, पेठवाल्यांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलेलं. पुणे सिटीला पेठ नव्हती. स्टेडियम शहराच्या टोकाला, हायवेलगत. सामना संपला की सगळे आपापल्या गाडीने घरी. जिथे सामन्याआधी भेटून चहा प्यायचा, हरल्यावर रात्री भांडायचं, असा एकही कट्टा त्या संघाने तयार केला नाही. संघ गेल्यावर आम्ही जमणार कुठे होतो?

---

पेठवाला

औंधकर, खरं बोललात. कधी शाहू स्टेडियमवर या, आमच्याकडचे गट अजून जोरात आहेत. पण आधी कुठली पेठ ते ठरवून या, मधेच बसायला जागा नाही.

---

हिशेबनीस

मी माझ्या मतावर कायम आहे की तोट्यातला क्लब जागेवर ठेवायचा तर पैसे कुणीतरी द्यायला हवेत. फक्त ते लोकही देऊ शकतात, हे रोख्यांच्या आकड्यावरून दिसतंय. थेम्सकाठी, ते रोखे किती वर्षांचे आणि व्याज किती, माहिती मिळाली तर टाका. माझ्या गावच्या एका व्यायामशाळेची जागा जायची वेळ आली आहे, तिथे असं काही जमेल का ते बघायचंय.

---

थेम्सकाठी

हिशेबनीस, योजना अशी होती की रोखे घेणाऱ्याने मुदत आणि व्याज आपापल्या ऐपतीप्रमाणे निवडायचं. कित्येकांनी व्याज शून्य लिहून दिलं. माहितीपत्रक शोधून तुम्हाला व्यनि करतो. व्यायामशाळेचं कुठवर आलंय ते वेगळा धागा काढून लिहा, इथे वाचणारे बरेच आहेत.

केतकीताई, मुलाला घेऊन एकदा प्लाऊ लेनला या. जवळचं स्टेशन हेडन्स रोड. त्याला त्याचा मफलर घालू द्या. पाहुण्यांच्या बाजूला बसावं लागेल, आणि घोषणा ऐकाव्या लागतील, त्या सौम्य नसतात.

---

केतकी_एमके

विचारलं त्याला. म्हणाला, आपला सामना असेल तेव्हाच येईन, आणि जिंकायलाच येईन.